पश्चिमेच्या खिडकीतला कूलर

२७ एप्रिल

पोहोचलो एकदाचे! सांगलीहून निघताना बाबांना एवढा प्रवास झेपेल का, या काळजीने माझी झोप उडाली होती, आणि हे महाराज मात्र गाडीत पुलगाव येईपर्यंत डाराडूर. उतरलो तेव्हा सकाळचीच वेळ, तरी फलाट तव्यासारखा तापलेला. हमालाने चाकाची खुर्ची खाली घेतली आणि मला बजावलं, "बुढ्याच्या खिशात कांदा ठेवजा बाई, ऊन लागत नाई." बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. दिवाळीत झटका आला तेव्हापासून त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही. डावा हात थोडाफार चालतो. आयुष्यभर संस्कृत शिकवलेला, 'श' आणि 'ष' यांची गल्लत केली की कान पिळणारा माणूस आता फक्त हुंकार देतो. कळतं मात्र सगळं.

परवा कॉलेजात रुजू व्हायचं. रसायनशास्त्राची प्राध्यापक इला, असं मी स्वतःलाच दोनदा म्हणून पाहिलं. मग लगेच सुट्टी लागतेय, म्हणजे जूनपर्यंत मी बाबांपाशीच. व्यायामासाठी त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेता येईल. सगळं कसं जुळून आलंय.

घर नाचणगावात, विमलाबाईंचं. साठीच्या पुढच्या, काटक, शेतीवाडी असलेल्या. मुलगा नागपूरला, यजमान वारलेले. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या त्यांच्या, मध्ये अंगण. बाजेवर कुरोड्या वाळत घातल्या होत्या, भिंतीला पराट्यांचा, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्यांचा, ढीग. आल्या आल्या त्यांनी कैरीचं पन्हं दिलं आणि बाबांच्या खुर्चीपाशी उकिडव्या बसून त्यांचे पाय ओल्या फडक्याने पुसले. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "राहू द्या वो. घरात मानूस असलं म्हणजे बरं वाटते."

३० एप्रिल

आज कूलर बसला. सांगलीला आमचं टेबलफॅनवर भागायचं, त्यामुळे हे प्रकरण पहिल्यांदाच जवळून पाहिलं. कपाटाएवढं पत्र्याचं खोकं, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी, त्यात एक चिमुकला टिल्लू पंप आणि समोर राक्षसासारखा पंखा. पंप ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा ओलं वारं आत फेकतो. पुलगावच्या मुकेशने आपल्या दुकानात बनवलाय, निळा रंग अजून बोटांना लागतो. विमलाबाईंनी खास आमच्यासाठी करून घेतला.

बाबांच्या खोलीला एकच खिडकी, पश्चिमेची. तिला फळ्या ठोकलेल्या होत्या, त्या काढवल्या आणि कूलर तिथे बसवला. पहिला झोत अंगावर आला तसे बाबांनी डोळे मिटून घेतले, डबक्यात बसलेल्या म्हशीसारखे. (बाबा, हे वाचू नका.)

वास मात्र येतो. ओल्या गवताचा, रंगाचा आणि त्याखाली आणखी कसला तरी. मुकेश हात पुसत म्हणाला, "नवीन गवत आहे न मॅडम. चार रोज वास मारते, मंग जाते."

६ मे

चार रोज झाले, वास गेला नाही. उलट वाढला. मला वासांचं भय नाही, निम्मं आयुष्य प्रयोगशाळेत गेलंय. पण हा कुठल्या खणात टाकावा कळेना. गंधकाचा नाही, शेवाळाचा नाही. साचलेल्या पाण्यापासून सुरू होतो आणि शेवटी गोडसर होतो. तो गोडवा घशात बसतो.

आज टाकी रिकामी केली. वाटलं पाल मेली असेल, उंदीर असेल. काही नाही. घासून धुतली, उन्हात वाळवली, नवं पाणी भरलं, लिंबाच्या फोडी आणि कडुलिंबाचा पाला टाकला. तासभर बरं वाटलं. मग लिंबू, कडुलिंब आणि तो, असे तीन वास एकदम यायला लागले.

बाबा नाक मुरडत नाहीत. झोप छान लागते त्यांना.

११ मे

मुकेश येऊन गेला. जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या घातल्या, पंप बदलला. बिचाऱ्याने टाकीत डोकं घालून हुंगलं आणि चटकन बाहेर काढलं. म्हणाला, माझ्या मालात काही खोट नाही, पाणी पाहा. पाणी तर आम्ही तेच पितो! मग तो विमलाबाईंशी अंगणात हळू आवाजात काही बोलला आणि पैसे न घेताच गेला.

मी विमलाबाईंना विचारलं, कूलर स्वयंपाकघराच्या जाळीत बसवता येईल का. त्या कुरोड्या डब्यात भरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तिथंच राहू द्या. जुनाही तिथंच होता."

बंद ठेवून पाहावा तर दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसतो.

१५ मे

आज काय लिहू! बाबा बोलले!

मी कपड्यांच्या घड्या करत होते. कूलरचा घरघराट, तो घाण वास, आणि त्यातून स्पष्ट शब्द, "पाणी." मी वळून पाहिलं. बाबा छताकडे बघत होते. मी भांडं तोंडाला लावलं, ते घटाघटा पाणी प्यायले. पुन्हा म्हणाले, "पाणी." मी रडले, हसले, त्यांचं कपाळ चुंबलं. सेवाग्रामच्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, कधी कधी वाचा अशी अचानक येते, बोलतं ठेवा.

विमलाबाईंना सांगायला अंगणात धावले. त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. पदर तोंडाशी धरून रडत होत्या. परक्या माणसासाठी इतकं कोण रडतं?

१८ मे

रोज दुपारी बोलतात. ऊन चढलं, वास दाटला, की बोलायला लागतात. वास आता अगदी ओळखीचा वाटतो, पण नाव सुचत नाही. माणसाच्या अंगाचा काहीतरी अंश आहे त्यात. तेलकट उशी, विडी आणि खाली ते गोड.

काल माझ्या भावाचा, मिहिरचा, व्हिडिओ कॉल आला. बाबांपुढे फोन धरला. बाबा म्हणाले, "कोन आहे हा? मले दिसत नाई. दार खोल." मिहिर हसून लोटपोट. म्हणाला, ताई, तीन आठवड्यांत बाबा पक्के वऱ्हाडी झाले की! मीही हसले.

फोन ठेवल्यावर हसू आटलं. बाबांना भाषा कोणी शिकवली? दिवसभर तर माझ्याशीच असतात. आणि आवाज. बाबांचा आवाज बारीक, खणखणीत. हा जाड आहे, छातीत कफ असलेला.

२२ मे

आज त्यांनी नाव घेतलं. "विमल."

मग जरा थांबून, "विमल, दार काऊन लावलं वो?"

मी म्हटलं, बाबा, दार उघडंच आहे, बघा. त्यांनी पाहिलं नाही. पुन्हा तेच. विनवणी केल्यासारखं. पाच-सहा वेळा. तोंड बोलत होतं आणि डोळे माझ्यावर होते. ते डोळे बाबांचेच होते आणि भेदरलेले होते. जणू तेही ऐकत होते, आपल्या तोंडातून काय बाहेर पडतंय ते.

विमलाबाई न बोलावता आत आल्या, खाटेपाशी बसल्या. "आली जी मी. आली न." असं म्हणत त्यांचे केस विंचरू लागल्या. मी त्यांना हात धरून बाहेर काढायला हवं होतं. नाही काढलं. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

२५ मे

नवतपा सुरू झाला, वर्षातले सगळ्यात तापते नऊ दिवस. रस्त्यावर कुत्रंही नाही.

भर दुपारी वीज गेली. कूलरची पाती मंदावली. त्यांच्याबरोबर बाबांचा श्वासही. पाती थांबत आली, श्वास थांबत आला. पाती थांबली आणि —

छाती हलेना. मी हाका मारल्या, छाती दाबली, तोंडात फुंकर घातली. ओठ काळे पडले. विमलाबाई ओरडत होत्या, "लाईन येऊ दे रे देवा, लाईन येऊ दे."

वीज आली. पाती फिरली. बाबांनी मोठा श्वास घेतला.

तो वास तोंडावर आला आणि मला हायसं वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते. हायसं वाटलं.

२६ मे

योगायोग नाही. सकाळी गार होतं तेव्हा बटण बंद करून पाहिलं. श्वास थांबला. लावलं, आला. मी विज्ञानाची बाई, एका प्रयोगावर भरवसा कसा ठेवू? पुन्हा केलं. स्वतःच्या बापावर. पुन्हा तेच.

अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. आत एसी, ऑक्सिजन, भली माणसं. स्ट्रेचर उंबरठ्यापर्यंत गेलं. उंबरठ्यावर बाबांची मान कलली. नळी नाकात असूनही — काही नाही, छाती दगड. "आत घ्या त्याइले!" विमलाबाई किंचाळल्या. आत घेतलं. कूलरच्या झोतात येताच छाती हलली.

ती माणसं पुन्हा प्रयत्न करू म्हणत होती. मीच नको म्हटलं.

जाताना त्यांच्यातल्या एकाने नाकाला रुमाल लावला होता. मला विचारलं, मॅडम, घरात कोणी गेलंय का?

२७ मे

विमलाबाईंनी सांगितलं. मी विचारलंच नव्हतं. खाटेच्या पायथ्याशी बसून, बाबांकडे बघत सांगितलं.

बाबाराव त्यांचे यजमान. शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाले होते, भर उन्हात उठून कुठेही चालू लागायचे. "नवतपाच होता. मी हिंगणघाटले लग्नाले गेलती. निंगून जातीन म्हनून कूलर लावून देला, पाणी भरून देलं, अन् बाहेरून कडी लावली. सांजेले येणारच होती न. तिकडे ननंद बेशुद्ध पडली. राहा लागलं. इकडे लाईन गेली." याच खोलीत. याच खिडकीखाली. "त्याइनं दार वाजवलं असन. भर दुपारी कोन आयकते?"

त्या परत येईपर्यंत गावाला वासानं कळलं होतं.

जुना कूलर भंगारात दिला. खिडकी बंद केली. खोली बंद केली. मग इतक्या वर्षांनी का उघडलीत, मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकटीनं करमेना, घरात माणसं यावी वाटलं. नव्या कूलरनं असं होईल हे त्यांनाही माहीत नव्हतं. हे खरं असावं. पण पहिल्या दिवशीच वास ओळखला होता त्यांनी. ओळखला आणि गप्प बसल्या.

माझे पाय धरले. "तुमचे बाबा कुठी जात नाईत. अन् हेही राहातीन. दोघंही राहू द्या. मले माफी मांगाची आहे, पन ते आयकतच नाई. नुस्तं दार दार करते."

२८ मे

आज बाबांना विमलाबाईंनी हाताने घास भरवला. बाबांचं तोंड म्हणत होतं, "विमल, दे." आणि बाबांचा डावा हात त्यांचा हात ढकलत होता. जेमतेम उचलतो तो हात. तरी ढकलत होता.

मी ठरवलं. काहीही होवो, उद्या पहाटे, ऊन नसताना, कूलर वायरीला जोडून गाडीत घालून, कसंही. मुकेशला फोन केला. तो म्हणाला मोठी बॅटरी घेऊन येतो, पण अंगणातच थांबीन, खोलीत नाई येत.

विमलाबाई खिडकीपलीकडे पाणी भरत होत्या. टाकीत पाइप सोडलेला. त्यांनी ऐकलं असेल.

२९ मे

दार बाहेरून बंद आहे.

दोन्ही दारं. मुकेश आला होता. अंगणात विमलाबाईंचा आवाज ऐकला, पोरगी बापाले घेऊन रात्रीच गेली म्हणून. मी ओरडले. कूलरच्या घरघराटात माझं मलाच ऐकू आलं नाही. गाडी निघून गेली.

फोन हातात आहे. मुकेशला लावते, लावला की तोडते. काय सांगू? दार उघडलं तरी बाबांना उंबरठा ओलांडता येत नाही. मी एकटी जाऊ? त्यांना या तोंडासकट इथे ठेवून?

खिडकीतल्या कूलरशेजारच्या फटीतून त्या भाकरी सरकवतात. म्हणतात, "रागावू नका बाई. नवतपा सरू द्या." मग दाराबाहेर लावलेल्या कडीला हात फिरवत उभ्या असतात, ती खुळखुळते. आपण काय केलंय ते त्यांना दिसत नाही. पुन्हा तेच केलंय.

३० मे

वास येत नाही.

सकाळपासून हुंगतेय. ताट्या, उशी, माझे हात. काही नाही. कूलर चालू, बाबा बोलताहेत, वास नाही.

फटीतून विचारलं. त्या म्हणाल्या, "मलेही नाई येत आता. सवय होते."

३१ मे

आज तोंडाने दिवसभर एकच, "बंद नको करू वो, बंद नको करू." आणि डावा हात. चादरीवरून इंच इंच सरकत भिंतीकडे. बटणाकडे. मला वाटलं काहीतरी मागताहेत, मी भांडं दिलं, त्यांनी पाडलं. मग बोट केलं. बटणाकडे. नक्की.

बंद करू, बाबा?

डोळे मिटले. उघडले. गालावरून पाणी.

तोंड ओरडलं, "नको वो पोरी!"

मी नाही केलं. मला नाही जमलं. आई गेली तेव्हा माझा हात धरून बसलेला माणूस — त्याचा श्वास मी माझ्या बोटाने —

उद्या.

१ जून

दुपार. बाहेर पांढरं ऊन. विमलाबाई खिडकीशी नाहीत.

बाबांना पुसून घेतलं. धुतलेलं धोतर. त्यांच्या कानात शाळेतलं एक सुभाषित म्हटलं, मुद्दाम 'ष' चुकवून. डोळ्यांच्या कडा हलल्या.

बटण बंद केलं.

पाती मंदावली. "दार काऊन —" एवढंच. तोंड उघडं राहिलं. मी हात धरून बसले. जा बाबा, म्हटलं. आता कोणी अडवत नाही.

आणि छाती हलली.

आपली आपण. कूलर बंद, पाती उभी, आणि बाबा श्वास घेताहेत! पुन्हा! हळू, पण त्यांचा. चेहरा त्यांचा. माझ्याकडे बघताहेत —

रडू फुटलं. श्वास घ्यायला गेले —

येत नाही.

दम लागल्यासारखं नाही. आत जातच नाही. छातीला बाहेरून कोणी कडी —

तो वास. माझ्या तोंडात. आतून.

विमलाबाई. खिडकीशी ओरडताहेत. "काऊन बंद केला वो? चालू करा!" माझ्या तोंडातून, जाड — मी नाही बोलले हे — "विमल" —

बटण हाताशी. लावलं तर मला हवा. लावलं तर बाबा परत त्या —

नाही.

बाबांना कळलं. डावा हात माझ्या मनगटावर. केवढी ताकद. ओढताहेत. बटणाकडे. माझ्यासाठी. स्वतः परत आत जायला तयार —

नाही बाबा. हात मोकळा राहू नये म्हणून लिहितेय. पेन सोडणार नाही. तुम्ही श्वास घ्या. घेताय ना. डोळ्यांपुढे काळं — बाबा ओढू नका — अजून एक ओळ, मग मला काही — ओढू नका ना, मी